मोटारींचा कारखाना, मालगाडी आणि पत्र्याचे भंगार : छोट्या रेल्वेच्या मांडणीसाठी माहिती हवी

फलाट_सहा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरातील आमच्या सदनिकेत एका भिंतीलगत आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसवून तिच्यावर १:८७ प्रमाणातील छोटी रेल्वे उभारायला मी सुरुवात केली आहे. ज्यांनी कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले आहे, त्यांना हे वेड कसे लागते ते सांगायला नको. डेट्रॉइटजवळ राहणारा माझा भाचा दर खेपेला एखाद-दुसरी वाघीण (मालगाडीचा डबा) घेऊन येतो, त्यामुळे गाड्या अमेरिकी आहेत आणि विषयही ओघानेच अमेरिकी निवडला आहे : १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील मिशिगनमधला मोटारींचा कारखाना. तयार मोटारी नेणाऱ्या दोन तिमजली वाघिणी, सुटे भाग आणणारी एक प्रचंड लांबीची बंद वाघीण आणि भंगारासाठीच्या तीन बसक्या, उघड्या वाघिणी (यांना तिकडे गोंडोला म्हणतात) एवढा ऐवज सध्या जमला आहे.

माझा आराखडा असा आहे की मधोमध मोटारींच्या जुळणीचा कारखाना असावा, त्याच्या एका बाजूने सुटे भाग आत यावेत, दुसऱ्या बाजूने मोटारी बाहेर पडाव्यात आणि मागच्या रुळावर भंगाराच्या वाघिणी उभ्या असाव्यात. मात्र या मांडणीत काहीतरी खोटे वाटते आहे आणि ते नेमके काय, हे कळत नाही. जुळणीच्या कारखान्यातून खरोखरच इतके भंगार निघते काय? निघत असल्यास ते वाघिणीत कसे भरतात, कोठे जाते आणि रिकामी वाघीण किती दिवसांनी परत येते?

दुसरा प्रश्न आपल्याकडचा आहे. लोकलने आकुर्डी-चिंचवडवरून जाताना मोटारी वाहणाऱ्या बिनखिडक्यांच्या गाड्या अधूनमधून दिसतात. पण भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात पत्रा कापणारे एवढे कारखाने असूनही भंगाराने भरलेली मालगाडी मात्र कधीच दिसत नाही. हे सारे भंगार रस्त्यानेच का जाते? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

साचेकाम यांचा प्रतिसाद

फलाट_सहा, आपली शंका रास्त आहे. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील एका वाहन कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात, नोकरीची बहुतेक वर्षे काढली. अमेरिकी रेल्वेविषयीचे माझे ज्ञान वाचीव आहे, पण भंगार कोठे जन्माला येते हे मात्र मी रोज पाहिले आहे आणि ती प्रक्रिया मिशिगनमध्ये किंवा पिंपरीत फारशी वेगळी नसते.

जुळणीच्या कारखान्यात पत्र्याचे भंगार जवळजवळ निघतच नाही. तेथे घडवलेले भाग येतात, वेल्डिंग होते, रंग लागतो, इंजिन आणि आसने बसतात. टाकाऊ म्हणून जे उरते ते पुठ्ठा, लाकडी चौकटी, प्लॅस्टिक आणि थोडेफार नाकारलेले भाग. पत्र्याचे खरे भंगार निघते ते प्रेस शॉपमध्ये. अमेरिकेत तो बहुधा स्वतंत्र कारखाना असतो आणि तेथून निघालेली दारे, बॉनेट, छप्पर आणि मडगार्ड अनेक जुळणी कारखान्यांना जातात. आपल्या आराखड्यातले खोटेपण येथेच आहे : भंगाराचा रूळ चुकीच्या इमारतीमागे लागला आहे.

प्रेस शॉपमध्ये पत्रा गुंडाळीच्या, म्हणजे कॉइलच्या रूपात येतो. एका कॉइलचे वजन दहा-वीस टन सहज असते. ती उलगडून, सपाट करून तिचे तुकडे पाडले जातात, ज्यांना ब्लँक म्हणतात, आणि हे ब्लँक ओळीने उभ्या असलेल्या प्रेसमधून पुढे सरकतात. पहिल्या प्रेसमध्ये आकार खेचला जातो, पुढच्यांत कडा कापणे, भोके पाडणे, कडा वाकवणे अशी कामे होतात. आकार खेचताना पत्रा चारही बाजूंनी घट्ट धरून ठेवावा लागतो आणि ज्या पट्टीला धरलेले असते ती सगळी पट्टी नंतर कापून टाकावी लागते. शिवाय दाराच्या काचेसाठी मोकळी सोडायची जागा असते. मोटारीच्या बाजूचा अखंड पत्रा पाहिलात तर त्यात जेवढा पत्रा आहे, जवळपास तेवढीच दोन दारांची पोकळी आहे. त्यामुळे आत आलेल्या पत्र्यापैकी ढोबळमानाने चाळीस टक्के भाग मोटारीत न जाता भंगारात जातो, हे ऐकून बाहेरच्या माणसाला धक्का बसतो. दारांच्या पोकळीतून निघालेल्या मोठ्या तुकड्यांपासून लहान ब्रॅकेट काढण्याचा उद्योग प्रत्येक प्रेस शॉप करते, पण त्यालाही मर्यादा आहेत.

हे कापलेले तुकडे कोणी हाताने उचलत नाही. प्रत्येक साच्याच्या कडेला उतरती घसरण असते, तिच्यावरून तुकडे जमिनीतील फटीतून खाली पडतात आणि तळघरातल्या पट्ट्यावरून इमारतीच्या टोकाला पोहोचतात. वर प्रेसचा दणका आणि खाली पत्र्यांचा सततचा खणखणाट, असे ते तळघर असते, आणि तुकडा आडवा अडकला की सगळी ओळ थांबते. लांब दांड्याच्या आकडीने तो मोकळा करणारा माणूस ही तेथली अत्यंत महत्त्वाची असामी. टोकाला गठ्ठे बांधणारे बेलिंग यंत्र असते. ते तीन दिशांनी दाबून साधारण दीड-दोन फुटी बाजूंचा गठ्ठा बाहेर ढकलते. गठ्ठा ताजा असतो तेव्हा चांदीसारखा चकाकतो, त्याच्या अंगाला खेचकामाचे तेल लागलेले असते आणि कडेला मडगार्डच्या वळणाचा तुकडा ओळखू येतो. मोठ्या प्रेस शॉपमध्ये या यंत्राच्या निकासाखालीच वाघीण उभी करतात, म्हणजे गठ्ठे सरळ तिच्यातच पडतात. अन्यथा विद्युतचुंबकाची क्रेन ते काम करते.

या भंगाराला भट्टीवाले इतके का मानतात, तेही सांगतो. जुन्या मोटारी चिरडून मिळालेल्या भंगारात तारांचे तांबे मिसळते. पोलाद वितळवताना तांबे काढून टाकता येत नाही आणि ठरावीक प्रमाणापुढे गेल्यास तापलेले पोलाद लाटताना त्याच्या पृष्ठभागाला चिरा पडतात. प्रेस शॉपच्या कापांत तांबे नसते आणि त्यांचे रासायनिक प्रमाण कागदावर ठाऊक असते. आता जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरला जात असल्याने जस्ताचा धूर होतो आणि ओतकाम करणारे कारखाने त्यावर नाक मुरडतात, परंतु आपल्या १९७०च्या दशकातल्या देखाव्यात हा प्रश्न बराच कमी असेल.

इंजिनाच्या कारखान्याचे भंगार निराळे : बिडाचा चुरा आणि पोलादाचे वळलेले लांब तंतू, म्हणजे टर्निंग-बोरिंग. ते तेलकट आणि ओले असते, आणि लोखंड गंजताना उष्णता बाहेर पडत असल्याने मोठा ढीग आतून आपोआप तापतो. पावसाळ्यात अशा ढिगातून वाफा निघताना मी पाहिल्या आहेत; जहाजवाहतुकीच्या नियमांतही हा माल आपोआप तापणाऱ्या पदार्थांत गणला जातो. एखाद्या वाघिणीत हा माल दाखवणार असाल तर त्याचा रंग तपकिरी ठेवा आणि गठ्ठ्यांच्या वाघिणीत तो मिसळू नका. अशी भेसळ झाली तर भट्टीवाला पूर्ण वाघिणीचा भाव पाडतो.

यार्डातला_माणूस यांचा प्रतिसाद

साचेकाम यांनी कारखान्याच्या आतली बाजू सांगितली आहे, म्हणून मी फाटकाबाहेरची सांगतो. अमेरिकी मालवाहतूक हा माझा जुना अभ्यासविषय आहे आणि आपल्याकडची पद्धत यार्डाजवळ राहून पाहिलेली आहे.

आपल्याकडील लांब बंद वाघीण बहुधा ८६ फुटी, उंच बांध्याची असावी. हा प्रकार १९६०च्या दशकात खास घडवलेल्या पत्र्यांच्या वाहतुकीसाठी निघाला. घडवलेले दार किंवा छप्पर वजनाला हलके पण जागा खाणारे असते, त्यामुळे वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधीच वाघीण भरते. म्हणून तिचे आकारमान वाढवणे फायद्याचे ठरले. या वाघिणींचे वैशिष्ट्य असे की त्या ठरावीक प्रेस कारखाना आणि ठरावीक जुळणी कारखाना यांच्यातच फिरत. आत ज्या लोखंडी चौकटींत माल रचलेला असे, त्या चौकटी रिकाम्या होऊन त्याच वाघिणीने परत जात. म्हणजे परतीची वाघीण रिकामी दिसली तरी कारखान्याच्या दृष्टीने ती रिकामी नसते आणि ती वेळेवर न पोहोचल्यास प्रेस शॉपला माल रचायला चौकटी उरत नाहीत.

तयार मोटारींच्या वाघिणींविषयी एक सूचना. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बहुतांशी उघड्या होत्या आणि वाटेत दगडफेक, चोरी, काचा फुटणे यांमुळे एवढे नुकसान होई की पुढे त्यांना बाजूंनी पत्रे आणि वर छप्पर बसवण्यात आले. आपला काळ दशकाचा उत्तरार्ध असल्याने बाजूचे पत्रे लावलेली वाघीण शोभेल. तिमजली वाघिणीत साधारण पंधरा लहान मोटारी बसतात, दुमजलीत दहा. येथे एक विक्षिप्त उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही : शेव्हरोले कंपनीच्या व्हेगा या लहान मोटारीसाठी अशी वाघीण बनवली होती की तीत मोटारी नाक खाली करून उभ्या टांगल्या जात आणि एका वाघिणीत तीस मावत. त्यासाठी तेल, बॅटरीतले आम्ल आणि काच धुण्याचे पाणी सांडू नये म्हणून मोटारीच्या रचनेतच बदल करावे लागले होते. त्या मोटारीचे उत्पादन बंद झाले आणि वाघिणीही भंगारात गेल्या, कारण दुसरी कोणतीच मोटार त्यांत टांगता येत नव्हती.

आता भंगार. तिकडे एकेक वाघीण स्वतंत्रपणे पाठवता येते, हे या विषयाचे मर्म आहे. जवळच्या यार्डातून एक शंटिंग इंजिन दिवसातून एकदोनदा कारखान्यात येते, भरलेले गोंडोला ओढून नेते, रिकामे लावून जाते. यार्डात ते गोंडोला इतर पन्नास ठिकाणच्या वाघिणींबरोबर गाडीत जोडले जातात आणि पोलाद कारखान्याच्या यार्डात पुन्हा सुटे होतात. वाटेत दोन-तीन यार्डांत थांबत जाणाऱ्या वाघिणीला परत यायला दोन-तीन आठवडे लागले तरी कोणी तक्रार करत नाही, कारण भंगाराला घाई नसते. तीच घाई सुट्या भागांना असते. एकाच कारखान्यात एकीकडे तासांचे वेळापत्रक पाळणारी वाघीण आणि दुसरीकडे सावकाश फिरणारी वाघीण उभी असते, आणि आपल्या फळीवरचा खेळ रंजक होईल तो या फरकामुळे.

या व्यवहारात साधे गणित आहे. समजा, एका प्रेस कारखान्यातून दिवसाला हजार मोटारींचा पत्रा घडतो आणि प्रत्येक मोटारीमागे २४० किलो कापून पडतो. म्हणजे दिवसाला २४० टन भंगार. एका अमेरिकी गोंडोलात सत्तर ते नव्वद टन माल जातो, म्हणजे रोज तीन वाघिणी भरतात. आपल्याकडे असलेल्या तीन वाघिणी हा अगदी बरोबर आकडा आहे.

हेच गणित चिंचवडला मांडून पाहा. भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक १९८०च्या दशकात मोडीत काढली आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अखंड जाणारा रेक, म्हणजे एकाच मालाच्या वाघिणींची पूर्ण गाडी, हे धोरण स्वीकारले. त्यामुळे वाटेतल्या यार्डांत वाघिणी कुजत पडणे थांबले, गाड्या भराभर धावू लागल्या, कोळसा, सिमेंट, खत यांचे भले झाले, आणि दोन-तीन वाघिणी भरू शकणारा गिऱ्हाईक कायमचा रस्त्यावर गेला. उघड्या बॉक्स-एन वाघिणींच्या रेकमध्ये अठ्ठावन्नच्या आसपास वाघिणी असतात आणि एकीत साधारण साठ टन माल जातो, म्हणजे सुमारे ३,५०० टन. आपल्या कल्पनेतील कारखान्याला तेवढे भंगार साठवायला पंधरा दिवस लागतील. वीस वाघिणींच्या छोट्या रेकची सवलत घेतली तरी पाच दिवस. शिवाय रेक लागल्यावर ठरलेल्या तासांत तो भरून द्यावा लागतो, नाहीतर विलंब आकार चढतो. पंधरा दिवसांचे भंगार अंगणात साठवायचे आणि मग काही तासांत भरायचे, हे कोणत्याही व्यवस्थापकाला परवडणारे नाही.

तयार मोटारींचे तसे नाही. एका कारखान्याच्या मोटारी गुवाहाटी परिसरासाठी किंवा पाटण्याच्या बाजूला जायच्या असतील तर त्यांचा पूर्ण रेक भरणे शक्य असते. चाकणला रेल्वे नाही, म्हणून त्या भागातील मोटारी रस्त्याने मालधक्क्यापर्यंत आणाव्या लागतात. आपण पाहता त्या बिनखिडक्यांच्या गाड्या बहुधा एनएमजी प्रकारच्या असतात. वयोमान झालेल्या प्रवासी डब्यांमधली बाके, शौचालये काढून, खिडक्या बंद करून, दोन्ही टोकांना दारे पाडून त्या तयार केल्या जातात. शेवटच्या डब्याला लावलेल्या उतारावरून मोटार आत शिरते आणि डब्यांमधल्या पट्ट्यांवरून चालत थेट पुढच्या टोकाला जाते. डब्याची रुंदी एवढी जेमतेम असते की चालकाला दार अर्धवट उघडून अंग चोरतच बाहेर पडावे लागते. अशा रेकमध्ये सव्वाशेच्या आसपास मोटारी जातात. नव्या दुमजली वाघिणींच्या रेकमध्ये तीनशेच्या आसपास.

कारखान्याच्या आवारातच रूळ नेण्याचे काम आपल्याकडे फार उशिरा झाले. मारुती सुझुकीने २०१३ मध्ये स्वतःच्या वाघिणी चालवण्याचा परवाना मिळवला, मार्च २०२४ मध्ये गुजरातमधील हांसलपूर कारखान्यातील साइडिंग सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये हरियाणातील मानेसरची. कंपनीच्या रवानगीतील रेल्वेचा वाटा २०१४-१५ मधील पाच टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये साडेएकवीस टक्क्यांवर गेला. अमेरिकेत नव्या मोटारींपैकी सुमारे तीन चतुर्थांश मोटारी प्रवासाचा काही ना काही टप्पा रेल्वेने करतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याकडे अजून किती वाव आहे ते कळते. मात्र या दोन्ही साइडिंगांची ख्याती मोटारी बाहेर नेण्यासाठी आहे. भंगाराचा रूळ कोणी टाकलेला नाही, आणि वरचे गणित पाहता टाकणारही नाही.

वजनकाटा यांचा प्रतिसाद

वरील हिशोब बरोबर आहे. आमचा व्यवसाय भोसरी भागात भंगार खरेदीचा आहे, म्हणून व्यवहाराची बाजू थोडक्यात लिहितो.

कारखाना आपले भंगार लिलावाने किंवा ठरावीक मुदतीच्या कराराने विकतो आणि उचलण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. उचल एक दिवस चुकली की प्रेस शॉपमधून दूरध्वनी येतो, कारण कचऱ्याचा पट्टा भरला की प्रेस थांबतात आणि प्रेस थांबणे म्हणजे काय, हे साचेकाम साहेब जाणतात. त्यामुळे आमच्या धंद्यात भावापेक्षा गाडी वेळेवर लागण्याला महत्त्व आहे. गाडी फाटकावर रिकामी तोलायची, आत भरायची, पुन्हा तोलायची, पावती घ्यायची आणि ती तेथूनच थेट भट्टीकडे निघाली पाहिजे. पुण्याच्या भंगारापैकी बराच माल जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांकडे जातो, जेथे त्याच्यापासून बांधकामाच्या सळया होतात. वीस-पंचवीस टन घेऊन रात्री निघालेली गाडी सकाळी भट्टीच्या काट्यावर उभी असते. रेल्वेने तोच माल दौंड, मनमाडमार्गे नेता येईल, परंतु आधी मालधक्क्यापर्यंत ट्रक, मग भरणी, जालन्याला उतरणी आणि पुन्हा ट्रक, म्हणजे ज्या मालाची किलोमागची कमाई पैशांत मोजतात त्याला चार वेळा हात लावायचा. हे जुळत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. कारखान्याचे स्वच्छ कापीव भंगार आणि गल्लीबोळातून गोळा होणारे भंगार यांचे मार्ग वेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारचा मोठा बाजार चिखलीच्या कुदळवाडीत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामे पाडल्यानंतर तो व्यापार विखुरला. पत्र्याचा दर्जेदार माल मात्र तेव्हाही कारखान्यातून सरळ भट्टीकडेच जात होता आणि आजही जातो.

चाकण_रस्ता यांचा प्रतिसाद

सर्व काही गणितावर सोडून देणे मला पटत नाही. चाकणच्या चौकात तास-तास अडकणाऱ्या ट्रकांचा खर्च त्या गणितात कोठे धरला आहे? पुणे-नाशिक रेल्वेमार्गाचा मूळ आराखडा चाकणवरून जात होता. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न आल्यावर मार्गाची पुन्हा चर्चा सुरू झाली. चाकणला रूळ आलाच तर मोटारी आणि कॉइल यांच्या जोडीने भंगारासाठी काही कारखान्यांनी मिळून एक सामाईक धक्का उभारणे अशक्य नाही. पाच कारखान्यांचे भंगार एकत्र केले तर पंधरा दिवसांचे तीन दिवस होतात.

यार्डातला_माणूस यांचा प्रतिसाद

चाकण_रस्ता, सामाईक धक्क्याची कल्पना तत्त्वतः बरोबर आहे आणि चौकातल्या कोंडीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. अडचण अशी की पाच कारखान्यांचे खरेदीदार पाच असतात आणि त्यांच्या भट्ट्याही पाच ठिकाणी. रेक भरण्यासाठी माल एकत्र होणे पुरेसे नाही, तो एकाच ठिकाणी जाणारा हवा. एखाद्या मोठ्या पोलाद कारखान्याने पाचही ठिकाणचे भंगार एकहाती घेतले, तर आपले म्हणणे उद्या खरे होऊ शकेल.

फलाट_सहा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखडा बदलतो आहे : जुळणीचा कारखाना काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रेस कारखाना घेतला. म्हणजे कॉइल आत येतील, घडवलेले भाग ८६ फुटी वाघिणीतून बाहेर जातील आणि गोंडोला भंगार नेतील. तिमजली वाघिणी मात्र आता बेकार झाल्या, याचे वाईट वाटते. फोर्डच्या रूज कारखान्यात लोहखनिजापासून मोटारीपर्यंत सगळे एकाच आवारात होत असे, असे वाचले आहे. तसे दाखवल्यास त्या वापरता येतील काय?

यार्डातला_माणूस यांचा प्रतिसाद

रूज कारखाना १९१७ ते १९२८ या काळात उभा राहिला आणि त्याच्या आवारात सुमारे १०० मैल रूळ होते. हेन्री फोर्ड यांनी १९२० मध्ये डेट्रॉइट, टोलेडो अँड आयर्नटन ही रेल्वेच विकत घेतली होती आणि १९२९ मध्ये ती विकून टाकली. तेथे भंगाराला फाटकाबाहेर जावेच लागत नसे. प्रेस शॉपचे गठ्ठे आवारातल्याच इंजिनाने आवारातल्याच भट्टीकडे जात. परंतु आठ फुटांच्या फळीवर रूज दाखवायला जाऊ नका. ८६ फुटी वाघीण या प्रमाणात तीस सेंटिमीटर लांब होते, तिमजली वाघीण त्याहून किंचित मोठी. अशा दोन-तीन वाघिणी आणि इंजिन उभे केले की अर्धी फळी संपली.

त्यापेक्षा तिमजली वाघिणी मुख्य मार्गावरून निव्वळ जाताना दाखवा. प्रेस कारखान्यासमोरून दुसऱ्या कारखान्याच्या मोटारी जाणे मिशिगनमध्ये अगदी स्वाभाविक आहे. कारखान्याला तीन रूळ द्या. इमारतीच्या आत शिरणारा रूळ कॉइलसाठी; १९७०च्या दशकात कॉइलवर झाकण घातलेल्या खास वाघिणी रूढ झाल्या होत्या, त्यांतली एक मिळवा, कारण पावसाने डागाळलेला पत्रा मोटारीच्या बाह्य भागाला चालत नाही. धक्क्यालगतचा रूळ ८६ फुटी वाघिणीसाठी. तिसरा रूळ इमारतीच्या टोकाला, बेलिंग यंत्राच्या छपरीखाली, आणि तो इतका लांब ठेवा की तीनही गोंडोला छपरीच्या एका बाजूला रिकामे उभे राहतील आणि भरत भरत दुसऱ्या बाजूला सरकतील. तेथे इंजिन दिवसातून एकदोनदाच येत असल्याने वाघीण पुढे सरकवायला तारेचा दोर ओढणारे विंच असते. छपरीजवळ त्याचा लहानसा खोका आणि रुळांच्या मधून गेलेला दोर दाखवता येईल.

साचेकाम यांचा प्रतिसाद

गठ्ठ्यांसाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी बारीक कातरून चौकोनी साच्यात दाबा. १:८७ प्रमाणात एका गठ्ठ्याची बाजू पाच-सात मिलिमीटर येईल. त्यावर राखाडी रंगाचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे तेलकट पत्र्याची मंद चमक येते. गंजाचा रंग गठ्ठ्यांना लावू नका, हा माल फार तर आदल्या दिवशीचा असतो. गंज वाघिणीला लावा. चुंबकावरून सुटणाऱ्या गठ्ठ्यांनी गोंडोलाच्या बाजू आतून बाहेर फुगलेल्या असतात आणि वरची कड नागमोडी झालेली असते. प्लॅस्टिकच्या वाघिणीची कड गरम सुरीने हलकेच वाकवली तर ते साधेल, मात्र आधी भाच्याला विचारा.

आणि वाघीण काठोकाठ भरू नका. दाबलेला गठ्ठा वजनदार असल्याने वजनाची मर्यादा आधी गाठली जाते. दोन-तीन थर झाले की त्यावर मोकळी जागा राहते आणि आतल्या बाजूचा गंजलेला पत्रा वरून दिसतो.